पहिली तीन मिनिटे : किशोरवयीनांच्या स्लॅशर भयपटाची सुरुवात कशी बांधावी?

कातरवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण पुण्यात जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. या सत्रात आम्हांला एका काल्पनिक चित्रपटाची फक्त सुरुवात चित्रित करून सादर करायची आहे. श्रेयनामावली धरून ती तीन मिनिटांपेक्षा मोठी असता कामा नये, आणि हा स्वतंत्र लघुपट नसून पुढे दीड-दोन तासांचा चित्रपट आहे अशी पाहणाऱ्याची खात्री पटली पाहिजे. आम्ही किशोरवयीनांचा स्लॅशर निवडला आहे, म्हणजे ज्यात भूत नाही, मंत्रतंत्र नाही, एक माणूस आहे आणि तो एका टोळक्यातील मुलांना एकेक करून गाठतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत आम्ही वाढलो, त्यामुळे भयकथा आम्हांला परकी नाही. परंतु या विशिष्ट प्रकाराबद्दल मराठीत विचारायला जागा फार थोड्या आहेत, म्हणून हा धागा.

सध्याचा आराखडा असा आहे. बारावीचा निकाल लागल्यावर सहा मित्रमैत्रिणी जूनच्या अखेरीस पानशेतच्या जलाशयाकाठी एकाच्या मामांच्या बंगल्यावर येतात. पाच जण पाण्याकडे जातात, एक मुलगी स्वयंपाकघरात चहा टाकते, वीज जाते, खिडकीबाहेर कोणीतरी उभे असल्याचे दिसते, आणि तिसरे मिनिट संपताना तिचा खून होऊन चित्रपटाचे नाव पडद्यावर येते. साधने म्हणजे एक मिररलेस कॅमेरा, एक गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण), दोन एलईडी पॅनेल आणि एक बूम माइक, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक. खुन्याच्या नजरेतून चित्रण करावे का, मुखवटा कसा असावा, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना मुलगी एकटी आणि असहाय आहे हे कसे पटवावे, या तीन ठिकाणी आमचे घोडे अडले आहे.

संकलनकक्ष

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्यावरच अवलंबून आहेत. पुढे दोन जुन्या चित्रपटांतील गुपिते उघड होतात, तेव्हा ज्यांना ते पाहायचे असतील त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्यावा.

जॉन कार्पेंटर यांचा १९७८ चा ‘हॅलोवीन’ काढा आणि त्याची सुरुवात आवाज बंद करून पाहा. १९६३ सालातील रात्र आहे. कॅमेरा बाहेरून खिडकीत डोकावतो, घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो, चौकटीत एक हात येतो आणि सुरी उचलतो, मग जिना चढून वर गेल्यावर जमिनीवरचा विदूषकाचा मुखवटा उचलला जातो आणि तिथून पुढे आपण दोन भोकांतून पाहू लागतो. खून होतो, कॅमेरा खाली येऊन दाराबाहेर पडतो, आईवडील तो मुखवटा काढतात, आणि आतापर्यंत आपण ज्याच्या डोळ्यांनी पाहत होतो तो सहा वर्षांचा मुलगा आहे हे कळते. हे सगळे एकसंध दृश्य वाटते, प्रत्यक्षात त्यात जोड लपवलेले आहेत. चौकटीत दिसणारे हात सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल यांचे होते. संपूर्ण चित्रपटाचा खर्च सुमारे तीन लाख डॉलर होता, म्हणजे त्या काळच्या हॉलिवूडच्या मानाने किरकोळच, हेही लक्षात ठेवा.

आता त्याच्या शेजारी १९८० चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ ठेवा. त्याची सुरुवातही भूतकाळात, १९५८ मधील उन्हाळी शिबिरात होते आणि तिथेही आपण मारणाऱ्याच्या नजरेतून पाहतो. परंतु तिथे ती नजर कोणाची हे लपवून ठेवलेले आहे आणि अखेरीस एक मध्यमवयीन आई समोर येते. साधन एकच, उपयोग मात्र अगदी उलट. पहिल्या चित्रपटात ते आपल्याला खुन्याच्या कातडीत बसवते आणि मग त्याबद्दल शरमिंदे करते. दुसऱ्यात ते केवळ चेहरा चौकटीबाहेर ठेवण्याची सोय म्हणून येते. तुमच्या चित्रपटात खुनी कोण हे शेवटपर्यंत गुपित असेल तर दुसरा मार्ग तुमचा आहे, आणि मग खुन्याची नजर एकदाच, एकाच ठिकाणी वापरा. झुडपाआडून पाहणारा कॅमेरा तिसऱ्यांदा आला की प्रेक्षक घाबरणे सोडून वाट पाहू लागतो.

त्या एका दृश्यासाठी गिंबल वापरू नका. गिंबलची चाल इतकी सफाईदार असते की ती कोणा माणसाची वाटत नाही. कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरा, कोपरे अंगाला चिकटवा, आणि चित्रण करणाऱ्याला खरोखर श्वास घेत चालू द्या.

उंबरठा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु माझी शंका आराखड्याच्या गाभ्याविषयी आहे. तीन मिनिटांत नावे दाखवून, सहा पात्रांची ओळख करून देऊन, एकीला एकटे पाडून मारायचे, म्हणजे प्रत्यक्ष भयासाठी तुमच्या हाती जेमतेम चाळीस सेकंद उरतात.

१९९६ च्या ‘स्क्रीम’ची सुरुवात सर्वांना आठवते. ड्रू बॅरीमोर घरात एकटी आहे, चुलीवर पॉपकॉर्न फुगत आहेत आणि एक अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा फोन करतो. तिचा चेहरा जाहिरातीत सर्वांत ठळक होता आणि तीच सुरुवातीला मारली गेली, याची चर्चा भरपूर झाली आहे. मला त्यातले कालनियोजन अधिक महत्त्वाचे वाटते. ते प्रकरण दहा मिनिटांहून बरेच मोठे आहे. पहिले काही फोन खेळकर आहेत. मुलगी हसते, रेंगाळते, त्या आवाजाशी थोडी लाडीगोडीही करते. दार बंद करण्याची वेळ येते तेव्हा त्या घराची दारे कुठे आहेत, काचा किती आहेत, अंगण कोणत्या बाजूला आहे हे आपल्याला पाठ झालेले असते. तो आवाज देणारे रॉजर जॅक्सन चित्रीकरणाच्या वेळी खरोखर फोनवरून बोलत होते आणि त्यांना कलाकारांच्या नजरेआड ठेवले होते. त्यामुळे मुलीच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया उसनी वाटत नाही.

एवढा वेळ तुमच्याकडे नाही, म्हणून माझी सूचना स्पष्ट आहे : पहिल्या तीन मिनिटांत खून दाखवूच नका. पात्रांना ठाऊक नसलेली एकच गोष्ट प्रेक्षकाला कळू द्या आणि तिथेच चित्रपटाचे नाव आणा.

कातरवेळ

दोघांचेही मनापासून आभार. खून न दाखवण्याची कल्पना आमच्यातील दोघांना एकदम पटली आणि दोघांना मुळीच पटली नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंची अट अशी आहे की चित्रपटाचा प्रकार पाहताक्षणी ओळखता आला पाहिजे, आणि रक्ताचा थेंबही नसलेला स्लॅशर कोणी ओळखेल का, अशी आम्हांला धास्ती आहे. गटात आणखी एक विचार चालू आहे. या प्रकारात भूतकाळातील एखादे पाप असतेच, तेव्हा १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर किंवा पुण्यातील जोशी-अभ्यंकर खून प्रकरण यांचा धागा पकडावा का?

मावळवाट

तो धागा पकडू नका, असे मी कळकळीने सांगेन. जोशी-अभ्यंकर प्रकरणात १९७६-७७ मध्ये दहा माणसे मारली गेली, मारणारे कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्या वर्षांत संध्याकाळ झाली की पुण्यातील रस्ते ओस पडत, हे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. मेलेल्यांचे आप्त याच शहरात राहतात. त्या प्रकरणावर गंभीर चित्रपट जरूर व्हावा, परंतु तीन मिनिटांच्या अभ्यासप्रकल्पात थरार वाढवण्यासाठी त्याचा वापर करणे मला बरे वाटत नाही. पुराचेही तेच. धरण फुटून ज्यांची घरे वाहून गेली, त्यांच्या दुःखाचा आणि तुमच्या खुन्याचा संबंध काय? भूतकाळातील पाप हवेच असेल तर ते याच सहा जणांचे असू द्या, दोन वर्षांपूर्वीचे आणि त्यांनी आपापसांत दडपलेले.

आता मुखवट्याविषयी. परदेशी चित्रपटांत मुखवटा चालतो, कारण तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री मुखवटा घालून हिंडणे नेहमीचे आहे आणि कोणी वळून पाहत नाही. ‘हॅलोवीन’मधील तो पांढराफटक चेहरा म्हणजे दुकानातून आणलेला, ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा मुखवटा होता, त्याची डोळ्यांची भोके मोठी केली आणि त्यावर पांढरा रंग फवारला. आपल्याकडे जूनमध्ये पानशेतला मुखवटा घातलेला माणूस दिसला तर तो खुनी आहे हे लहान मूलही ओळखेल. आमच्या भागात पावसाळ्यात चेहरा झाकणारी आणि कोणालाही न खटकणारी वस्तू एकच, ती म्हणजे पावसापासून वाचवणारे पांघरूण. भातलावणीच्या दिवसांत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेला माणूस बांधावर उभा असला, तर तो कोण आहे हे दहा पावलांवरूनही सांगता येत नाही.

उंबरठा

मावळवाट, खोळ घेतलेल्या माणसाची आकृती पडद्यावर विलक्षण दिसेल, यात शंका नाही. तरीही मला ती नको वाटते. शहरातील मुले गावात येतात आणि खोळ घेतलेला शेतकरी त्यांना मारतो, हे चित्र गावाकडच्या माणसावर अन्याय करणारे आहे, आणि शहरी मनाला गावाविषयी जी उगीचच भीती असते तिला ते खतपाणी घालते.

मावळवाट

मान्य आहे, आणि मी स्वतः त्याच भागातला असल्यामुळे हे माझ्या लक्षात यायला हवे होते, असे तुम्ही म्हणालात तरी चालेल. मग रेनकोट घ्या. हे सहा जण निघताना एकाच दुकानातून एकाच रंगाचे, टोपीवाले, गुडघ्यापर्यंतचे साधे प्लास्टिकचे रेनकोट घेतात. टोपी ओढली की सहाही जण सारखेच दिसतात. आणि त्यांच्यात सातवा मिसळला, तर कोणाच्या ध्यानात येणार आहे?

संकलनकक्ष

धागाकर्तीने हा शेवटचा प्रश्न नीट वाचावा, कारण तिची तीन मिनिटे त्यातच आहेत.

सहा जण बंगल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवरून एका ओळीत चालत आहेत, कॅमेरा दूर आणि स्थिर आहे, पाऊस पडत आहे, आणि चौकटीतून सात रेनकोट पार होतात. कोणीही थांबत नाही, संगीत इशारा देत नाही. त्याआधीच्या मिनिटात सहा हा आकडा प्रेक्षकाच्या मनात सहज पेरलेला असला पाहिजे : दुकानदार सहा रेनकोट मोजून देतो, मोटारीत सहावी व्यक्ती दाटीवाटीने बसते, सहा कप चहा सांगितला जातो. आकडा कोणाच्याही तोंडी ठासून येऊ नये. तो हातांनी मोजला जावा.

जो प्रेक्षक मोजेल त्याच्या पोटात गोळा येईल. जो मोजणार नाही त्याच्यासाठी पुढच्या दृश्यात बंगल्याच्या व्हरांड्यातील खुंट्या दाखवा. खुंट्यांवर रेनकोट टांगलेले आहेत, त्यांतून पाणी ठिबकत आहे, कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकतो आणि सातव्याशी थांबतो. आतून सहा जणांच्या हसण्याचा आवाज येत राहतो.

ध्वनिरेषा

मी ध्वनिमुद्रण करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. व्हरांड्यातील दृश्याची कल्पना उत्तम आहे, परंतु जूनच्या अखेरीस पानशेतला प्रत्यक्ष संवाद मुद्रित करण्याच्या भरवशावर राहू नका. पत्र्याच्या छपरावरचा पाऊस आणि रात्रीचे बेडूक मिळून बूम माइकवर असा थर चढवतात की पुढे तो काढता येत नाही. संवाद त्याच खोलीत, दारेखिडक्या बंद करून, पाऊस थांबलेल्या वेळी पुन्हा एकदा मुद्रित करून ठेवा. पाऊस, बेडूक, रेनकोटची सळसळ आणि चिखलातील पावले स्वतंत्र मुद्रित करा. रेनकोटची सळसळ तर माइक वीतभर अंतरावर ठेवून भरपूर घ्या, कारण माझ्या मते हाच तुमच्या खुन्याचा आवाज आहे. पुढच्या दीड तासात ती सळसळ ऐकू आली की प्रेक्षकाने मान वळवली पाहिजे, आणि ती सवय त्याला या तीन मिनिटांतच लागली पाहिजे.

संगीताच्या बाबतीत एवढेच सांगतो की कार्पेंटर यांनी आपल्या चित्रपटाचे संगीत स्वतःच केले आणि त्यातील मुख्य धून पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. चारची सवय असलेल्या कानाला ती पाचवी मात्रा सतत अस्वस्थ ठेवते. आपल्याकडे झपतालाची ओळख असलेली मुले प्रत्येक महाविद्यालयात सापडतात. दहा मात्रांतील दोन-तीन, दोन-तीन अशी विभागणी एखाद्या जड, कोरड्या ठोक्यावर वाजवून पाहा. हक्कांचा प्रश्न येणार नाही आणि संगीत तुमचे स्वतःचे असेल.

कातरवेळ

आमच्या गटातील मतभेद या सात रेनकोटांनी मिटवले. आता आम्ही आराखडा बदलत आहोत. चहा टाकणारी मुलगी आणि तिचा खून दोन्ही काढून टाकले.

मोबाइलचा प्रश्न मात्र उरतोच. नेटवर्क नाही असे दाखवण्याचा आम्हांला कंटाळा आला आहे, कारण तसे प्रत्येक चित्रपटात असते. आमच्यातील एकाने सुचवले की फोन चालू राहू द्यावा. सहा जणांनी घाटात चुकामूक होऊ नये म्हणून एकमेकांना लाइव्ह लोकेशन पाठवलेले आहे. व्हरांड्यातील सातव्या रेनकोटनंतर एक मुलगी सहज फोन उघडते आणि नकाशावर सहाही ठिपके बंगल्यातच असतात, म्हणजे बाहेर कोणी नाही असा तिला दिलासा मिळतो. प्रेक्षकाला मात्र सातवा ठाऊक आहे. हे फार गुंतागुंतीचे होईल का?

उंबरठा

मुळीच नाही. हाताशी फोन आहे, तो खरे तेच सांगतो आहे, आणि त्या खऱ्यावर विश्वास ठेवल्यामुळेच मुलगी निर्धास्त होते, हे मला अतिशय आवडले. मदत मागायला ११२ आहे, पण मागण्याचे कारणच तिला दिसत नाही.

आणखी एक विनंती करते. पहिल्या आराखड्यात एकटी मुलगी स्वयंपाकघरात आणि खिडकीबाहेर पुरुष होता. कॅरल क्लोव्हर या अमेरिकी अभ्यासिकेने १९८७ च्या निबंधात आणि पुढे १९९२ च्या पुस्तकात या प्रकाराची जी चिकित्सा केली, तिच्यात ‘फायनल गर्ल’ ही कल्पना मांडली आहे : सर्व जण मेल्यावर एक मुलगी उरते, ती आधीपासून इतरांपेक्षा सावध असते, आणि सुरुवातीला खुन्याच्या नजरेशी बांधलेला प्रेक्षक अखेरीस तिच्या बाजूला आलेला असतो. तुमच्या तीन मिनिटांत ती मुलगी कोणती हे तुम्हांला ठाऊक असलेच पाहिजे. बाकीचे पाच जण दंगा करत असताना कोणी एकीने खुंट्यांकडे नुसते पाहावे, किंचित थांबावे आणि कोणीतरी हाक मारल्यामुळे आत जावे. फोन उघडणारी तीच असू द्या. प्रकार ओळखू येण्यासाठी परीक्षकांना यापेक्षा अधिक काही लागणार नाही.

संकलनकक्ष

काही तांत्रिक गोष्टी राहिल्या. फोनचा पडदा प्रत्यक्ष चालू नकाशावर चित्रित करू नका. ठिपके तुमच्या मनाप्रमाणे हलणार नाहीत. पडद्याचे मुद्रण (स्क्रीन रेकॉर्डिंग) आधी तयार करा, ते फोनवर पूर्ण आकारात चालवा, उजेड बराच कमी ठेवा आणि कॅमेरा किंचित तिरपा धरा. सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवलात तर बंगल्यातील दिवे लुकलुकणार नाहीत, कारण आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे.

पायवाटेचे दृश्य भर रात्री घेऊ नका. दोन एलईडी पॅनेलांत तेवढे रान उजळणार नाही. जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे आकाशात निळसर उजेड असतो. सगळी तयारी आधी करून ठेवलीत तर तेवढ्यात हे दृश्य दोन-तीनदा होईल. पाऊस कॅमेऱ्यात दिसण्यासाठी उजेड मागून यावा लागतो, म्हणून एक पॅनेल पायवाटेच्या वळणापलीकडे, झाडाआड आणि प्लास्टिकखाली झाकून ठेवा. समोरून उजेड टाकलात तर कितीही मुसळधार कोसळला तरी चौकट कोरडी दिसेल.

मावळवाट

या सुरुवातीत शस्त्र नसले तरी पुढेमागे कोणाला मोह झाला तर खरा सुरा किंवा कोयता कलाकारांच्या हाती देऊ नका. लाकडाचा किंवा रबराचा वापरा. ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला तारीख आणि वेळ लेखी कळवा. संध्याकाळी टोप्या ओढलेली सात माणसे रानातून जाताना दिसली, तर गावातील लोकांनी विचारपूस करणे साहजिकच आहे. वनखात्याच्या हद्दीत जाणार असाल तर त्यांची परवानगी वेगळी लागते.

रक्त कुठे दाखवावेसे वाटलेच, तर बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात द्रवरूप ग्लुकोज मिळते. त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पूड घाला. नुसता लाल रंग एलईडीच्या उजेडात गुलाबी दिसतो, कोकोमुळे तो खाली बसतो. कपड्यांच्या तुकड्यावर आधी करून पाहा, डाग जात नाहीत.

कातरवेळ

एक शंका विचारून थांबते. किशोरवयीनांवरचा चित्रपट किशोरवयीनांना पाहता आला पाहिजे, असे आमच्या प्रकल्पाच्या प्रेक्षकविषयक टिपणात लिहायचे आहे. मग कोणते प्रमाणपत्र गृहीत धरावे?

उंबरठा

पूर्वी यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याचा) आणि थेट ए (फक्त प्रौढांसाठी) यांच्यामध्ये काहीच नव्हते. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूएचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. तुमच्या सहा जणांचे वय सतरा-अठरा आहे, तेव्हा यूए १६+ गृहीत धरा आणि संपूर्ण चित्रपटाचा आराखडाही त्या मर्यादेत राहील असा लिहा. ए मिळाले तर अठरा वर्षांखालील कोणालाच चित्रपटगृहात प्रवेश मिळणार नाही, म्हणजे ज्यांच्यासाठी हा चित्रपट आहे त्यांतील निम्मे बाहेर राहतील. खून टाळण्याचा तुमचा निर्णय टिपणात याच कारणाने मांडता येईल, आणि ते कारण खरेही आहे.

संकलनकक्ष

श्रेयनामावली पहिल्या मिनिटातच, दुकान आणि मोटार यांच्यावर संपवा. पायवाटेच्या दृश्यावर एकही अक्षर नको, कारण डोळा अक्षरे वाचू लागला की माणसे मोजत नाही. आणि सातवा रेनकोट इतरांपेक्षा एक माप मोठा घ्या. खुंटीवर तो सर्वांत खाली लोंबताना दिसेल.